कॅम्बर लाल होता, तरी गाडी ‘ओके’ होती

संध्याकाळी पाऊस पडत होता आणि मी उजवीकडे वळत होते. तेवढ्यात एक दुचाकी आडवी आली, मी घाईने ब्रेक दाबला आणि पुढची चाके वळलेल्या अवस्थेतच ओल्या रस्त्यावर घसरून डाव्या बाजूचे पुढचे चाक पदपथाच्या दगडी कडेवर तिरके आदळले. वेग ताशी फार तर २० ते २५ किलोमीटर असेल. काच फुटली नाही, एअरबॅग उघडली नाही, बंपरला ओरखडासुद्धा आला नाही. भरलेली पेटी जमिनीवर टाकावी तसा एकच बद्द आवाज झाला आणि सगळे शांत झाले. मोबाइलच्या उजेडात पाहिले तेव्हा रिमच्या बाहेरच्या कडेवर चार बोटे रुंद खरवड दिसली, टायरमध्ये हवा होती, खाली कसलेही तेल ठिबकत नव्हते. ‘थोडक्यात निभावले’ असे म्हणून मी गाडी घरी आणली. वाटेत एकच गोष्ट खटकली. सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे बोटभर खाली धरावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी मी व्हील अलाइनमेंट करून देणाऱ्या एका दुकानात गेले. चाकांना सेन्सर लावले गेले, पडद्यावर आकडे उमटले, एका मुलाने खाली वाकून टाय रॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) चेक नट सैल केले, रॉड फिरवले, पुन्हा आवळले आणि वीसेक मिनिटांत स्टिअरिंग सरळ झाले. हातात आलेल्या कागदावर ‘टो’चे, म्हणजे वरून पाहता चाके किती वळलेली आहेत त्याचे, दोन्ही आकडे हिरवे (मापात) होते, मात्र डाव्या पुढच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा कल, लाल (मापाबाहेर) होता. त्याबद्दल विचारले, तर उत्तर मिळाले, “मॅडम, या गाडीत पुढचा कॅम्बर ॲडजस्टच होत नाही, त्यामुळे तो लाल असला तरी चालतो. गाडी ओके आहे.” मला ते उत्तर त्या क्षणी पटले. पुढचे तीन आठवडे मी त्या एका वाक्यामुळे वाया घालवले, हे इथेच सांगून टाकते.

गाडी सरळ जात होती, पण स्टिअरिंगवरचा हात हलका केला की ती हळूहळू डावीकडे सरकू लागे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो आणि त्या उतारामुळे निर्दोष गाडीसुद्धा थोडी कडेकडे जाते, हे मला ठाऊक होते. म्हणून एका पहाटे रिकाम्या, सपाट आणि रुंद पटांगणात मी गाडी दोन्ही दिशांनी चालवून पाहिली. उताराचा दोष असता तर उलट दिशेने जाताना ओढ बदलायला हवी होती. ती बदलली नाही. चारही टायरमधली हवा थंड असताना मोजली, ती सारखी होती. आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आली. उजवे वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर परत येई, पण डाव्या वळणानंतर ते अर्ध्यावर रेंगाळत असे आणि उरलेले हाताने आणावे लागे.

पाचव्या दिवशी टायरने स्वतःच तोंड उघडले. गाडी धुताना मी चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूने हात फिरवला, तेव्हा साइडवॉलवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा बोटांना लागला. बाहेरून पाहणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. कडेचा दगड आणि रिमची धार यांच्यामध्ये टायर चिमटला गेला की रबर शाबूत राहते, पण त्याच्या पोटातले धागे तुटतात आणि मग हवेचा दाब त्या दुबळ्या जागी रबराला बाहेर ढकलत राहतो. म्हणूनच असा फुगा कधी लगेच दिसतो, तर कधी काही दिवसांनी. तो टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. पुढचे दोन्ही टायर मी नवे घेतले. ते चढवताना डावी रिम बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरू लागली आणि तिची आतली कड लाटेसारखी डोलताना दिसली. ताशी ८० च्या आसपास स्टिअरिंगमध्ये जी थरथर जाणवत होती, तिचे मूळ तिथे होते. वजने चिकटवून ही थरथर कमी करता येते, पण वाकलेली रिम वजनाने सरळ होत नाही. डायल गेज लावल्यावर डाव्या रिमच्या आतल्या कडेचा डोल १.८ मिलिमीटर भरला आणि उजव्या रिमचा ०.३. रिमही बदलली.

थरथर गेली, पण डावीकडची ओढ राहिली. टायरच्या बनावटीतल्या असमानतेमुळेही गाडी एका बाजूला ओढते, म्हणून नवे असूनही मी पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करून पाहिली. ओढ टायरची असती तर ती आता उजवीकडे गेली असती. ती डावीकडेच राहिली, म्हणजे दोष चाकात नसून चाक ज्याला बांधलेले असते त्या सांगाड्यात होता. मग मी तो जुना कागद पुन्हा काढला आणि त्यातल्या लाल आकड्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

‘ॲडजस्ट होत नाही, म्हणून चालतो’ या वाक्यातली गफलत तेव्हा माझ्या लक्षात आली. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाके आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला किती वळलेली आहेत, याचा कोन. तो टाय रॉडच्या आट्यांवर कमीजास्त करता येतो, त्यामुळे काहीही वाकलेले असले तरी टो हिरवा करता येतो. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती कललेले आहे, याचा कोन. माझ्या गाडीत तो बदलण्यासाठी पेचच ठेवलेला नाही. कारखान्यात सुट्या भागांच्या मापांनी तो जसा ठरतो तसाच राहतो. जो कोन कुणी हाताने बदलू शकत नाही, तो जर बदललेला असेल, तर एखाद्या भागाचे मापच बदललेले आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या आकड्याकडे दुर्लक्ष करायला सांगितले गेले, तोच आकडा त्या कागदावर खरे बोलत होता.

वर्कशॉपमध्ये जाण्यापूर्वी मला स्वतःला काही मोजता येते का, हे पाहावेसे वाटले. घरात गवंडीकामातला एक ओळंबा पडून होता. फरशीच्या सपाट जागेवर गाडी उभी केली, स्टिअरिंग अगदी सरळ ठेवले, गाडी हाताने थोडी मागेपुढे ढकलून चाकांवरचा ताण मोकळा केला आणि प्रत्येक चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुली मारली. फीत धाकट्या भावाने धरली. पुढच्या फुलीपासून मागच्या फुलीपर्यंतचे अंतर उजवीकडे जेवढे भरले, त्यापेक्षा डावीकडे ते १३ मिलिमीटर कमी होते. माझा विश्वास बसेना, म्हणून गाडी एक फेरी मारून आणली आणि सगळे पुन्हा मोजले. दुसऱ्या वेळी फरक १२ मिलिमीटर आला. दोन्ही बाजूंत दोन-चार मिलिमीटरचा फरक असला तर मी तो माझ्या फितीच्या माथी मारला असता, पण सेंटीमीटरभराहून जास्त फरक फितीचा नसतो. डावे पुढचे चाक चाकाच्या कमानीत मागे सरकलेले होते. एकदा हे कळल्यावर ते डोळ्यांनाही दिसू लागले: टायर आणि कमानीची मागची कड यांच्यामध्ये उजवीकडे चार बोटे जात होती आणि डावीकडे चौथे बोट अडत होते.

त्यानंतर गाडी जॅकवर घेऊन, खाली पक्के स्टँड लावून, मी चाक हलवून पाहिले. वर-खाली धरून हलवले की बॉल जॉइंट (चाकाचा जोड खालून धरणारा फिरता सांधा) आणि बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो, डावी-उजवी बाजू धरून हलवले की टाय रॉडच्या सांध्यांमधला. कुठेही प्ले नव्हता, कुठेही ‘टक’ असा आवाज नव्हता. इथे बहुतेक तपासण्या थांबतात आणि गाडीला निर्दोष ठरवले जाते. पण चाक हलवून फक्त ढिला झालेला भाग सापडतो. वाकलेला भाग ढिला नसतो; तो आपल्या नव्या, चुकीच्या जागी तितकाच घट्ट बसलेला असतो. एक खूण मात्र मिळाली. टाय रॉडच्या चेक नटबाहेर दिसणारे आटे मी दोन्ही बाजूंना मोजले, तेव्हा डावीकडे दोन आटे कमी दिसले. पहिल्या दुकानातल्या मुलाने टो हिरवा करण्यासाठी डावा रॉड तेवढा आखूड केला होता. कशामुळे तो आखूड करावा लागतो आहे, हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि आकडा हिरवा झाल्यावर तो पडण्याचे कारणही उरले नाही.

दुसरे वर्कशॉप मी विचारपूस करून निवडले आणि फोनवर एकच प्रश्न विचारला: तुम्ही कॅस्टर आणि एसएआय मोजून देता का? (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या कलाचे हे दोन कोन; ते पुढे सांगते.) समोरच्या मिस्त्रींनी उलट विचारले, “ताई, कुठे आदळली आहे का?” गाडी तिथेच न्यायची, हे माझे ठरले.

त्यांनी यंत्र लावण्याआधीच बराच वेळ घेतला. डिकी रिकामी करायला लावली, हवा पुन्हा तपासली, चारही कमानींची चाकाच्या मध्यापासूनची उंची मोजली, पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडला. डावी बाजू दाबून सोडल्यावर एका झटक्यात वर न येता मध्येच किंचित अडखळून वर येत होती. त्यांनी काही न बोलता ते एका कागदावर टिपून ठेवले. मग पुढची चाके फिरत्या थाळ्यांवर घेतली, ब्रेकचे पेडल दाबून धरणारा दांडा लावला आणि स्टिअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ठरावीक अंश वळवले. कॅस्टर आणि एसएआय चाके अशी वळवल्याशिवाय मोजताच येत नाहीत, आणि या कामाला वेळ लागत असल्यामुळे ते पुष्कळ ठिकाणी गाळले जाते. माझ्या पहिल्या कागदावर ते रकाने रिकामेच होते; मला तेव्हा तो कागद छापण्याचा प्रकार वाटला होता.

चाक ज्या अक्षाभोवती डावी-उजवीकडे वळते, तो अक्ष माझ्या गाडीसारख्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या जोडाच्या) सस्पेन्शनमध्ये वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत जाणारी एक कल्पित रेषा असतो. बाजूने पाहिल्यावर ती रेषा जितकी मागे कललेली दिसते तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा जसा कललेला असतो तसाच हा कल, आणि त्याच्यामुळेच स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते. समोरून पाहिल्यावर तीच रेषा आतल्या बाजूला जितकी कललेली दिसते तो एसएआय. एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज म्हणजे इन्क्लूडेड अँगल. ही बेरीज फक्त स्ट्रट, हब (ज्यावर चाक बसते तो भाग) आणि या दोघांना जोडणारे नकल यांच्या आकारावर अवलंबून असते. बॉल जॉइंटला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा आर्म वाकला तरी ती बदलत नाही, कारण तेव्हा हा सगळा जोड अखंडपणे कलतो आणि एका कोनात झालेली वाढ दुसऱ्यातल्या घटीने भरून निघते.

आकडे असे आले. उजवीकडे कॅम्बर उणे ०.३ अंश, एसएआय १३.०, म्हणजे बेरीज १२.७, आणि कॅस्टर ३.४. हे सगळे या गाडीच्या ठरलेल्या मापांत होते. डावीकडे कॅम्बर अधिक ०.८, एसएआय १२.७, म्हणजे बेरीज १३.५, आणि कॅस्टर फक्त १.९. गाडी कमी कॅस्टर असलेल्या बाजूला ओढते आणि जास्त अधिक कॅम्बर असलेल्या बाजूलाही ओढते. माझ्या गाडीत ही दोन्ही कारणे डावीकडे एकवटली होती. तरी तीन आठवडे मला ‘ओढ रस्त्याची असेल’ असे सांगणारे लोक भेटत राहिले, हे विशेष.

मिस्त्रींनी ते आकडे जसे वाचले, ते मी शेजारी उभी राहून ऐकले आणि मला त्यात खरा आनंद झाला. कॅस्टर दीड अंशाने घटला आहे, म्हणजे खालचा बॉल जॉइंट मागे गेला आहे किंवा वरचे माउंट पुढे आले आहे. वरच्या बाजूच्या पत्र्याला सुरकुती नाही आणि तुमच्या फितीने चाक मागे सरकलेले दाखवले आहे, म्हणजे खालचाच भाग मागे गेला. एसएआय ०.३ ने घटला आहे, म्हणजे तोच बॉल जॉइंट थोडा आतही गेला. सबफ्रेम, म्हणजे दोन्ही आर्म ज्या चौकटीला बांधलेले असतात ती, सरकली असती तर एका बाजूचा एसएआय कमी आणि दुसऱ्या बाजूचा जास्त झाला असता. उजवीकडचा जागेवर आहे, म्हणजे सबफ्रेम जागेवर आहे. मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (ती गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) जवळजवळ शून्य आहे, म्हणजे मागचा ॲक्सल वाचला. इथवर सगळे खालच्या आर्मकडे बोट दाखवत होते. पण बेरीज १३.५ का, याचे उत्तर आर्ममध्ये नव्हते. “एक भाग नाही, दोन भाग गेलेत,” ते म्हणाले, “पण आधी एक काढू, मग दुसऱ्याचं बघू.”

आर्म गाडीखाली असताना मी टॉर्च घेऊन पाहिला होता आणि मला काहीच दिसले नव्हते. तो दाबलेल्या पत्र्याचा, काळ्या रंगाचा, चिखलाने माखलेला भाग असतो आणि त्याचा मूळ आकारच वाकडातिकडा असल्यामुळे त्यातले वाकणे डोळ्यांना कळत नाही. तो काढून, डिझेलने पुसून टेबलावर ठेवला, तेव्हा मागच्या बुशकडे (आर्म जिथे बोल्टने बसतो तिथल्या रबरी सांध्याकडे) जाणाऱ्या वळणावर रंगाला आडव्या बारीक सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. पिकलेल्या फळाची साल आकसते तशा. त्या सुरकुत्यांच्या तळाशी तीन आठवड्यांच्या पावसाने गंजाची एक नारिंगी रेघ धरली होती. नवा आर्म त्यावर ठेवून दोन्ही बुशांची भोके एकाखाली एक जुळवली, तर बॉल जॉइंटच्या टोकाला दोघांमध्ये दीड सेंटीमीटरहून थोडे जास्त अंतर राहिले. मागच्या बुशच्या रबरालाही आतून चीर गेली होती, जी गाडीला बसवलेल्या अवस्थेत मिटलेली असल्यामुळे दिसली नव्हती.

नवा आर्म बसवताना एका गोष्टीवर मिस्त्री अडून बसले आणि ती सांगण्यासारखी आहे. बुशांचे बोल्ट त्यांनी गाडी वर असताना फक्त हाताने लावले आणि गाडी चाकांवर उतरवून तिचे पूर्ण वजन आल्यानंतरच टॉर्क पान्याने आवळले. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. असा बुश लवकर फाटतो आणि तोवर गाडीची उंचीही फसवी दाखवतो.

पुन्हा मोजले. डावा कॅस्टर ३.३ झाला, एसएआय १३.० झाला. कॅम्बर अधिक ०.५ वर थांबला आणि बेरीज होती तशीच, १३.५. खरे सांगायचे तर मला तिथे थांबण्याचा मोह झाला होता. ओढ बरीचशी गेली होती आणि वर्कशॉपमधल्या एका तरुण कारागिराने उपायही सुचवला: स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी मधून बारीक असलेला कॅम्बर बोल्ट टाकायचा, चाक आत ओढायचे आणि आकडा हिरवा करायचा. हा बोल्ट वाईट नाही, जिथे भाग चांगले असून थोडा फरक उरतो तिथे तो कामाचा असतो. पण इथे त्याने तेच केले असते जे पहिल्या दुकानात टाय रॉडने केले होते.

उरलेले ०.८ अंश कुठून आले, याला तीन जागा होत्या. आदळताना स्ट्रट आणि नकल यांच्या जोडातले बोल्ट भोकांच्या फटीएवढे घसरले असतील, किंवा नकल वाकले असेल, किंवा स्ट्रट वाकला असेल. पहिल्यासाठी बोल्ट सैल करून चाकाचा वरचा भाग आत दाबून पुन्हा आवळला. कॅम्बर जेमतेम ०.१ हलला आणि तोही पुन्हा चालवल्यावर परतला. मग त्यांनी माझ्या हातात दांड्यांचा गेज दिला आणि स्ट्रटची नळी व टायरची आतली बाजू यांच्यामधली फट मोजायला सांगितली. ही फट नळी, नकल, हब आणि रिम यांच्यावरच ठरते, कारण हे चारही एकमेकांना ताठ जोडलेले असतात. नकल किंवा नळीचा खालचा भाग वाकला असता तर फट बदललीच असती. उजवीकडे २१ मिलिमीटर आली. डावीकडेही २१. मी तीन ठिकाणी मोजून पाहिले, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहिला. म्हणजे नळीपासून चाकापर्यंत सगळे सरळ होते आणि तरीही चाक कललेले होते. उरला तो नळीतून वर जाणारा चकचकीत रॉड, जो रबरी आवरणाखाली झाकलेला असल्यामुळे कुणाच्याच नजरेला पडला नव्हता.

त्याची परीक्षा मला सगळ्यांत आवडली. गाडीचे पूर्ण वजन चाकांवर ठेवून, वरच्या माउंटमधला मधला नट जरासा सैल करून, रॉडच्या टोकाच्या षटकोनी खाचेत पाना घालून त्यांनी रॉड जागच्या जागी हळूहळू फिरवला आणि मला यंत्राच्या पडद्यावरचा डावा कॅम्बर मोठ्याने वाचायला सांगितले. (स्प्रिंग दाबलेली असते आणि तो नट सुटला तर ती जीव घेऊ शकते, त्यामुळे हे घरी करण्याचे काम नाही.) मी वाचत गेले: अधिक ०.५, अधिक ०.२, उणे ०.३, उणे ०.८, आणि अर्ध्या फेऱ्याला उणे १.१. सरळ रॉड कितीही फिरवला तरी कॅम्बर हलत नाही. वाकलेला रॉड फिरवला की त्याच्या वाकाबरोबर चाकही आत-बाहेर डुलते. उजवीकडे तोच प्रयोग केला, तेव्हा आकडा उणे ०.३ वर ढिम्म राहिला.

स्ट्रट काढून, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून सुटा केला. आवरण वर सरकवल्यावर रॉडच्या एका बाजूवर उभा खरवडल्याचा पट्टा दिसला आणि नळीच्या तोंडाशी तेलाची ओलसर, धूळ चिकटलेली कडा होती. वाकलेला रॉड वर-खाली होताना सीलच्या एकाच बाजूला घासत होता. डावी बाजू दाबल्यावर अडखळत का वर येत होती आणि स्टिअरिंग मध्यावर परतताना का रेंगाळत होते, या दोन्ही गोष्टींचा उलगडा तिथेच झाला. रॉडला पोलादी पट्टी टेकवली, तर मध्ये उजेडाची फट दिसत होती.

शॉक ॲब्सॉर्बर पुढच्या दोन्ही बाजूंचे बदलले, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला ठेवला तर ब्रेक लावताना दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. वरची माउंट बेअरिंगही नवी टाकली आणि एकदाच वापरायचे नट फेकून नवे घेतले. सगळे बसल्यावर, आणि त्यानंतरच, टो जुळवला. शेवटचा कागद हातात आला तेव्हा डावा कॅम्बर उणे ०.२, कॅस्टर ३.३, एसएआय १२.९ आणि बेरीज १२.७ होती. टाय रॉडचे आटे दोन्ही बाजूंना सारखे दिसत होते. टो हिरवा करण्यासाठी आखूड केलेला डावा रॉड आपल्या मूळ लांबीवर परत आला होता. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणला. पटांगणात मी हात सोडला आणि गाडी सरळ गेली.

प्रकरण इथे संपले असे मी मानले होते. साधारण ७०० किलोमीटर झाल्यावर ताशी ५० च्या वर एक बारीक घुमणारा आवाज येऊ लागला, जणू लांबून विमान जाते आहे. वेग वाढला की त्याची पट्टी वाढे, गाडी न्यूट्रलला टाकली तरी तो तसाच राही. उजवीकडे वळताना, म्हणजे गाडीचे वजन डाव्या चाकावर झुकले की, तो मोठा होई आणि डावीकडे वळताना जवळजवळ विरून जाई. आदळण्याच्या क्षणी बेअरिंगच्या गोळ्या आपल्या पट्ट्यावर सूक्ष्म खळगे उमटवतात. तेव्हा ते जाणवत नाहीत, पण त्यांच्यावरून गोळ्या लाखो वेळा गेल्यावर कडा झडू लागतात. मिस्त्रींना फोन केला, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले नाही.

चाक वर घेतले तेव्हा प्ले अजूनही नव्हता. त्यांनी मला डावा हात स्प्रिंगच्या वेढ्यावर ठेवायला सांगितला आणि चाक हळू फिरवले. कानाला काहीच ऐकू येत नव्हते, पण स्प्रिंगच्या पोलादातून बोटांना खरखर लागत होती, बारीक वाळू चाळणीत फिरवावी तशी. उजव्या बाजूच्या स्प्रिंगवर हात ठेवला, तर चाक फिरते आहे हे डोळ्यांनी पाहावे लागत होते. डावे बेअरिंग प्रेसवर काढून नवे बसवले आणि मी पुन्हा तिथे हात ठेवला. बोटांना काहीच लागले नाही.